पृथ्वीच्या फिरण्यातला फरक आणि उपग्रहांची कक्षा: मोजणीच्या कामात त्याचा किती संबंध?

कृष्णातीर (सांगली)

मंडळी, गावोगावच्या मोजणीत आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा काढणारा फिरता रिसीव्हर, आला. स्क्रीनवर 'फिक्स' दिसलं की दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा कळते, पॉइंट स्टोअर करून आपण पुढच्या खुणेकडे वळतो. पण उपग्रह या क्षणी कुठे आहे हे रोव्हरला जे कळतं, ते ठरवताना पृथ्वी किती फिरली हा आकडा कुणीतरी आधी घातलेला असतो. तो आकडा चुकला तर काय होतं, यावर मराठीत फारसं लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा. लांब होईल, सांभाळून घ्या.

उपग्रह गुरुत्वाकर्षणाने फिरतो. त्याच्या कक्षेचं गणित ताऱ्यांच्या मानाने स्थिर धरलेल्या चौकटीत मांडतात, कारण गतीचे नियम तिथे सरळ लागू पडतात. आपल्याला मात्र अक्षांश-रेखांश हवेत, आणि ते जमिनीला बांधलेले आहेत. जमीन फिरते. म्हणजे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत यायचं तर त्या क्षणी पृथ्वी नेमकी किती कोनातून फिरलेली आहे आणि तिचा अक्ष जमिनीतून नेमका कुठून बाहेर पडतो, हे ठाऊक पाहिजे.

इथेच गोम आहे. पृथ्वी एकसारख्या वेगाने फिरत नाही. अणुघड्याळाच्या ८६,४०० सेकंदांत ती एक फेरी कधी किंचित आधी पूर्ण करते, कधी किंचित उशिरा. हा फरक एक-दोन मिलिसेकंदांचा असतो, पण तो रोज साठत जातो. पृथ्वीच्या प्रत्यक्ष फिरण्यावरून येणारी वेळ म्हणजे यूटी१, आणि अणुघड्याळांवर चालणारी जागतिक वेळ म्हणजे यूटीसी. साठलेल्या फरकाला यूटी१ वजा यूटीसी म्हणतात. लीप सेकंद घालून तो ०.९ सेकंदाच्या आत ठेवतात. १९७२ पासून असे २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाच वाजायच्या आधी एक जादा सेकंद मोजला गेला.

अक्षाचंही तसंच. उत्तर ध्रुवाचा बिंदू जमिनीवर एका जागी थांबत नाही, काही मीटर रुंदीच्या वर्तुळासारख्या वाटेने फिरतो. त्यात वर्षाची एक लय आहे आणि सुमारे ४३३ दिवसांची दुसरी, जी सेथ चँडलर यांनी १८९१ मध्ये दाखवून दिली.

आता आकडे सांगलीला लावून बघू. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला ४६५ मीटर पूर्वेकडे जाते. सांगलीचा अक्षांश १६.८५ अंश धरला तर आपण सेकंदाला साधारण ४४५ मीटर जातो. म्हणजे १ मिलिसेकंदाची चूक = जमिनीवर ४४.५ सेंटिमीटर, पूर्व-पश्चिम. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे २६,५६० किमीवर आहेत, तिथे तोच कोन १.९४ मीटर होतो. आपल्या नाविकचे, म्हणजे भारताच्या स्वतःच्या मार्गदर्शन यंत्रणेचे, उपग्रह ४२,१६४ किमीवर, तिथे ३.०७ मीटर. ध्रुवाच्या जागेत एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हजाराव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर ३ सेंटिमीटर आणि जीपीएसच्या कक्षेत १३ सेंटिमीटर.

या चुकीची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ती आतून दिसत नाही. एका उपग्रहाचं घड्याळ बिघडलं तर बाकीच्यांशी त्याचा मेळ बसत नाही, रिसीव्हर त्याला बाजूला काढतो. पण पृथ्वीच्या फिरण्याचा आकडाच चुकला तर सगळे उपग्रह एकाच कोनातून, एकाच दिशेने सरकतात. त्यांच्यातली आपसातली अंतरं जशीच्या तशी राहतात. गावातले सगळे हद्दीचे दगड एका रात्रीत सारखेच पूर्वेला सरकवले, तर दुसऱ्या दिवशी साखळी लावून काय कळणार? सगळी मापं जुळतील. कळायचं तर गावाबाहेरची, न हललेली खूण पाहिजे.

ती खूण म्हणजे क्वेसार. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असल्यामुळे आपल्या दृष्टीने जागचे न हलणारे हे रेडिओस्रोत. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकच क्वेसार बघतात आणि संकेत कुठे आधी, कुठे नंतर पोचला हे मोजतात. या तंत्राला व्हीएलबीआय म्हणतात. पृथ्वी प्रत्यक्षात किती कोनातून फिरली, म्हणजे यूटी१, हे सातत्याने मोजण्याचं काम यावरच चालतं. जीपीएसकडून ध्रुवाची जागा छान मिळते, दिवसाची लांबी किती बदलली हेही मिळतं, पण खुद्द यूटी१ मिळत नाही. कारण कक्षेचं प्रतल थोडं वळलं की पृथ्वी थोडी जास्त फिरली, हे जीपीएसला वेगळं काढता येत नाही.

हे सगळे आकडे आयईआरएस ही आंतरराष्ट्रीय संस्था गोळा करून प्रसिद्ध करते. १९८८ पासून तिचं काम चालू आहे. तिच्या दर आठवड्याच्या 'बुलेटिन ए' मध्ये झालेली मोजणी असते आणि पुढच्या वर्षभराचा अंदाजही. अंदाज किती चुकू शकतो हेही तिथेच छापलेलं असतं: यूटी१ साठी १० दिवसांनी १.४ मिलिसेकंद, ३० दिवसांनी ३.२ मिलिसेकंद. ३.२ मिलिसेकंद म्हणजे जीपीएसच्या कक्षेत ६ मीटरच्या वर, आणि सांगलीत जवळपास १ मीटर ४२ सेंटिमीटर.

उपग्रहांना जमिनीवरून आकडे मिळत राहतात तोवर हे बोचत नाही. ज्या दिवशी ते मिळायचे बंद होतील, त्या दिवसापासून ही चूक वाढायला लागते. माझ्या मते उपग्रह मार्गदर्शनात स्वावलंबन म्हणायचं असेल तर अणुघड्याळाइतकंच पृथ्वीच्या फिरण्याचं मोजमापही आपलं स्वतःचं असलं पाहिजे. यावर जाणकारांनी लिहावं.

---

रोव्हरवाला (मिरज)

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्रत्यक्षातली अडचण विचारतो. आमच्या भागात एका खाजगी एजन्सीने कंट्रोल पॉइंट बसवून दिले होते. काही वर्षांनी त्याच पॉइंटवर पुन्हा काम केलं, या वेळी कॉर्सवरून (कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचं जाळं). फिक्स चांगला, सॅटेलाइट भरपूर, तरी पॉइंट सगळे एकाच दिशेला सरकलेले, अर्ध्या मीटरच्या आतबाहेर, ईशान्येकडे. पहिल्या एजन्सीला विचारलं तर "उपग्रहाची चूक असते" एवढंच उत्तर. शेतकरी आमच्याच तोंडाकडे बघतो. सगळे पॉइंट सारखेच सरकलेत म्हणजे तुम्ही म्हणता तोच प्रकार का?

---

कृष्णातीर (सांगली)

नाही दादा, तुमचा प्रकार वेगळा वाटतो, आणि दिशेवरूनच ओळखता येतो. यूटी१ ची चूक फक्त पूर्व-पश्चिम सरकवते. उत्तरेकडे सरकवायला ध्रुवाची जागा चुकावी लागते आणि त्या चुकीने अर्धा मीटर व्हायला फारच मोठा घोटाळा लागेल. शिवाय अशी चूक वर्षानुवर्षं एका दिशेला टिकत नाही, कारण आकडे सतत दुरुस्त होत असतात.

ईशान्येकडे आणि वर्षागणिक वाढत जाणारा फरक म्हणजे आपली भारतीय भूपट्टी. जागतिक संदर्भ चौकटीत ती वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चालली आहे. आठ-दहा वर्षांत ४०-५० सेंटिमीटर सहज होतात. पहिल्या कामाचे कोऑर्डिनेट कुठल्या चौकटीत आणि कुठल्या सालाला धरून दिले होते, म्हणजे त्याचा इपॉक काय, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं. दोन्ही कामं एका इपॉकवर आणा, मग बघा. रिपोर्टमध्ये इपॉक नसेल तर तो मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. बांध जागच्या जागी आहे, शेतकऱ्याचं काहीच सरकलेलं नाही.

---

बागायतदार तासगाव

सायब, एवढं सगळं वाचलं. लई माहिती मिळाली पर एक सांगा. आमी बागेत ड्रोननं फवारणी करतोय, बेस बांधावर लावतोय. ह्या पृथ्वीच्या फिरण्यानं आमच्या ओळी चुकणार न्हाईत न्हवं?

---

रोव्हरवाला (मिरज)

काका, बिनघोर राहा. बेस, म्हणजे एका जागी ठेवलेला रिसीव्हर, आणि ड्रोन दोघंही तेच उपग्रह बघतात. उपग्रह दोन मीटर सरकले तर दोघांनाही सारखेच सरकलेले दिसतात, वजाबाकीत ते निघून जातं.

---

कृष्णातीर (सांगली)

बरोबर, आणि उरतं किती हेही काढता येतं. १ मिलिसेकंदाच्या चुकीने बेसपासून रोव्हरपर्यंतची रेघ तेवढ्याच कोनातून वळते. बेसपासून १० किमीवर गेलात तरी तो फरक ०.७ मिलिमीटर. काकांची बाग बांधापासून काही शे मीटरच्या आत, तिथे तर केसाएवढाही नाही. आरटीके (स्वतःचा बेस लावून जागच्या जागी दुरुस्ती घेण्याची पद्धत) असो की कॉर्स, जिथे जवळचा ठाऊक बिंदू आहे तिथे ही चूक मरते. ती जिवंत राहते ती एकट्या रिसीव्हरमध्ये, ज्याच्याकडे उपग्रहांच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नाही.

---

ध्रुवमत्स्य (मूळ गाव वाई, सध्या बंगळूर)

धागा वाचून आनंद झाला. कक्षा ठरवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. पहिली थोडी दुरुस्तीवजा आहे.

कृष्णातीर यांनी "१ मिलिसेकंद म्हणजे १.९४ मीटर" हे बरोबरच काढलंय, पण रोजच्या कामात ही चूक अशीच्या अशी कक्षेत येत नाही. प्रक्रिया कशी चालते बघा. जमिनीवरची केंद्रं उपग्रहांची अंतरं मोजतात. केंद्रांच्या जागा जमिनीच्या चौकटीत ठाऊक असतात. त्या आपण पृथ्वीच्या फिरण्याचा आकडा वापरून ताऱ्यांच्या चौकटीत नेतो, तिथे कक्षा बसवतो, ती पुढच्या काही तासांसाठी चालवतो आणि पुन्हा तोच आकडा वापरून जमिनीच्या चौकटीत आणून उपग्रहावर चढवतो. जाताना १ मिलिसेकंद चुकला तर कक्षा ताऱ्यांच्या चौकटीत वळलेली बसते. परत येताना तीच चूक उलट्या दिशेने लागते आणि जवळजवळ पूर्ण कटते. जवळजवळ म्हणतोय, कारण चंद्र-सूर्याची ओढ ताऱ्यांच्या चौकटीतूनच येते, ती थोडी चुकीच्या कोनातून लागते. पण तो भाग लहान.

मग उरतं काय? वाढ. मोजणीच्या काळातला आकडा आणि भाकिताच्या काळातला आकडा यांच्यातला फरक आपण जो धरला आणि प्रत्यक्षात जो झाला, त्यातली तफावत. म्हणजे साठलेल्या चुकीपेक्षा दिवसाच्या लांबीचा अंदाज जास्त महत्त्वाचा. एका दिवसात ०.१ मिलिसेकंदाची तफावत पडली तर जीपीएसच्या कक्षेत १९ सेंटिमीटर आणि तुमच्या सांगलीत साडेचार सेंटिमीटर. प्रसारित कक्षेची, म्हणजे उपग्रह स्वतःच्या संदेशात पाठवतो त्या कक्षेची, एकूण अचूकता मीटरच्या आसपास असते, त्यात हे बुडून जातं. पण आयजीएस या नेमक्या कक्षा काढून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या अति-जलद कक्षांमध्ये भाकिताचा भाग साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत नेमका असतो. तिथे १९ सेंटिमीटर म्हणजे सगळ्यावर पाणी. म्हणून त्या कामात पृथ्वीच्या फिरण्याचा अंदाज हा नेहमीचाच डोकेदुखीचा विषय आहे.

दुसरी गोष्ट स्वायत्त कक्षेची, जी धागाकर्त्यांनी शेवटी ओझरती सांगितली. मला खरं तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९७ पासून वर गेलेल्या जीपीएसच्या ब्लॉक-२आर उपग्रहांची रचना करतानाच ठरलं होतं, की जमिनीशी संपर्क तुटला तरी उपग्रहांनी एकमेकांमधली अंतरं मोजून १८० दिवस आपली कक्षा आपणच सांभाळावी. चीनच्या बेइदोऊ-३ मध्ये तर उपग्रहांमधले असे दुवे मूळ रचनेतच आहेत. कल्पना सुंदर आहे. पण उपग्रहांनी आपसातली अंतरं कितीही बारकाईने मोजली तरी संपूर्ण जाळं जमिनीच्या मानाने किती वळलंय हे त्यातून कधीच कळत नाही. कृष्णातीर यांनी दगडांचं उदाहरण दिलंय तेच. आम्ही त्याला समीकरणांची रँक कमी पडणं म्हणतो. अशा वेळी उपग्रहाकडे आधी भरून ठेवलेला यूटी१ चा अंदाज असतो, बाकी काही नाही. आणि इथे मघाची कटाकटी होत नाही, कारण जाताना जमिनीवरचं केंद्रच नाही. चूक पूर्ण लागते.

बुलेटिन ए मध्ये चुकीचं सूत्र असतं: ०.२५ मिलिसेकंद गुणिले दिवसांचा ०.७५ वा घात. ६० दिवस घातले तर ५.४ मिलिसेकंद येतात, म्हणजे कक्षेत १० मीटर. १८० दिवसांना १२ मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे कक्षेत जवळपास २४ मीटर आणि सांगलीत साडेपाच मीटर. आणि तोवर सगळ्या रिसीव्हरचे स्क्रीन मस्त हिरवे असतील. कुठेही चुकीचा इशारा येणार नाही.

उपाय आहे. जमिनीवर एक जरी पक्का ठाऊक असलेला ट्रान्समीटर उपग्रहांशी अंतर मोजत राहिला, तरी सगळं जाळं त्याला बांधलं जातं. त्याला अँकर स्टेशन म्हणतात.

---

कृष्णातीर (सांगली)

ध्रुवमत्स्य साहेब, मनापासून आभार. जाता-येता कटण्याचा मुद्दा मी धाग्यात घ्यायला हवा होता, तो आला म्हणजे चित्र पुरं झालं.

---

कराडकन्या

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रोजेक्टमध्ये रिसीव्हरची कच्ची फाइल घेऊन पायथनमध्ये स्वतः जागा काढतोय. कॉलेजच्या गच्चीवरचा बिंदू गाइड सरांकडे आधीच नेमका मोजलेला आहे. आमचं उत्तर त्याच्या पूर्वेला ३० मीटरच्या आसपास येतं. उत्तर-दक्षिण ठीक, उंचीही बऱ्यापैकी ठीक, फक्त पूर्वेला. दुसऱ्या दिवशीच्या फाइलवरही तेच. हा यूटी१ चा परिणाम असू शकतो का?

---

ध्रुवमत्स्य (मूळ गाव वाई, सध्या बंगळूर)

पृथ्वीच्या फिरण्याचाच परिणाम आहे, पण यूटी१ चा नाही. ३० मीटरला यूटी१ सुमारे ६७ मिलिसेकंद चुकायला लागेल, तसं प्रसारित कक्षेत होणार नाही.

६७ हा आकडा मात्र बोलका आहे. उपग्रहाकडून संकेत यायला साधारण ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात. संकेत निघाला तेव्हाची उपग्रहाची जागा तुम्ही त्या क्षणाच्या जमिनीच्या चौकटीत काढता. तो तुमच्या गच्चीवर पोचेपर्यंत जमीन, गच्ची, अँटेना सगळं पूर्वेला तीसेक मीटर गेलेलं असतं. म्हणून उपग्रहाच्या जागेला पृथ्वीचा कोनीय वेग गुणिले प्रवासाचा वेळ एवढ्या कोनाने पश्चिमेकडे वळवून पोचण्याच्या क्षणाच्या चौकटीत आणावं लागतं. हे केलं नाही की उत्तर पूर्वेला सरकतं, अगदी तुमच्यासारखं. प्रत्येक उपग्रहाचा प्रवासाचा वेळ वेगळा घ्या, एकच सरासरी नको. कोनीय वेग जीपीएसच्या दस्तऐवजात दिलाय तोच घाला: ७.२९२११५१४६७ गुणिले १० चा उणे ५ वा घात, रेडियन दर सेकंदाला.

---

कराडकन्या

सर, झालं! एक ओळ वाढवली आणि फरक काही मीटरवर आला. एक शंका राहिली. हा वेग स्थिर धरला तर दिवसाची लांबी बदलते त्याचं काय?

---

ध्रुवमत्स्य (मूळ गाव वाई, सध्या बंगळूर)

छान प्रश्न. दिवस १ मिलिसेकंदाने बदलला म्हणजे वेग साधारण दहा कोटीत एका भागाने बदलला. तुमच्या ३० मीटरच्या दुरुस्तीचा दहा कोटीवा भाग काढा, काहीच उरत नाही. एका संकेताच्या प्रवासात बदल नगण्य, पण तोच बदल दिवसेंदिवस साठला की मीटरमध्ये जातो.

---

माहुलीकर (सातारा)

चर्चा फार वरच्या दर्जाची चालली आहे. मी भूगोलाचा शिक्षक, मुलं विचारतात म्हणून विचारतो. पृथ्वीचा वेग बदलतो कशाने? आणि पावसाळ्यात कोयना धरण भरतं, तेवढ्या पाण्याने काही होतं का?

---

कृष्णातीर (सांगली)

सर, कारणं अनेक आणि प्रत्येकाचा काळ वेगळा.

चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वी हळूहळू मंदावते, शतकाला दोनेक मिलिसेकंद. भरतीचाच दुसरा परिणाम पंधरवड्याचा. चंद्र उत्तर-दक्षिण झुकतो तसा पृथ्वीचा आकार अगदी किंचित बदलतो आणि वेग वरखाली होतो. हे दोन्ही गणिताने आधी सांगता येतं. पृथ्वीच्या गाभ्यातला द्रव आणि वरचं कवच यांच्यात वेगाची देवाणघेवाण होते, तिला दशकं लागतात. ती आधी सांगता येत नाही.

महिन्यांच्या हिशोबात सगळ्यात मोठा वाटा वाऱ्याचा. वातावरण आणि जमीन मिळून एकूण फिरण्याची शिल्लक कायम राहते. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे वारे जोरात असले तर तेवढं फिरणं वातावरणाकडे जातं आणि जमीन मंदावते. वारे ढिले पडले की जमीन वेग घेते. १९८२-८३ च्या मोठ्या एल निनोत दिवस जवळपास १ मिलिसेकंदाने लांबला होता. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात हे वारे कमी होतात, म्हणून वर्षातल्या सगळ्यात झटपट फेऱ्या जून ते ऑगस्टमध्ये सापडतात. २९ जून २०२२ ला पृथ्वीने फेरी १.५९ मिलिसेकंद आधी पूर्ण केली, ५ जुलै २०२४ ला १.६६ मिलिसेकंद आधी. आम्ही सांगलीकर त्या दिवसांत आयर्विन पुलाची पातळी बघत बसलेलो असतो, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, त्यामुळे याकडे कुणाचं लक्ष जाणार!

वाऱ्याचा अंदाज आठवडा-दहा दिवसांपलीकडे भरवशाचा राहत नाही आणि यूटी१ चा अंदाज घसरण्याचं मुख्य कारण तेच आहे. म्हणजे उपग्रहाची कक्षा महिनाभर पुढची सांगायची तर हवामानशास्त्राची मर्यादा आड येते. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

कोयनेबद्दल: तत्त्वतः हो. पाणी अक्षापासून जवळ-लांब झालं की वेग बदलतोच. पण कोयनेची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे ३ घन किलोमीटरच्या जवळ. चीनच्या थ्री गॉर्जेसमध्ये ३९ घन किलोमीटर पाणी मावतं, आणि त्यानेही दिवस ०.०६ मायक्रोसेकंदाने लांबेल असं गणित आहे. तेवढं आजच्या कुठल्याच मोजणीत दिसत नाही, तर कोयनेचं काय दिसणार.

ध्रुवाच्या जागेवर मात्र पाण्याचा परिणाम खरोखर दिसतो. जमिनीखालचं पाणी उपसून समुद्रात गेल्यामुळे १९९३ ते २०१० या काळात ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलंय. त्यात मोठा वाटा वायव्य भारताच्या उपशाचा आणि अमेरिकेच्या पश्चिम भागाचा. वर्गात सांगायला हे उदाहरण घ्या सर.

---

बागायतदार तासगाव

म्हंजी बोअरचं पाणी उपसलं तर ध्रुव हलतोय! हे पोरास्नी सांगाय पायजे. आमच्याकडं बोअर दरसाली खोल चाललंय.

---

माहुलीकर (सातारा)

कृष्णातीर, उत्तम समजावलंत. आता मूळ मुद्द्याकडे. "पृथ्वीच्या फिरण्याचं मोजमाप आपलं स्वतःचं असावं" असं तुम्ही म्हणता. आपल्याकडे जुन्नरजवळ खोडदला एवढी मोठी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, जगात तिचं नाव आहे. तिने क्वेसार बघून हे काम होणार नाही का?

---

ध्रुवमत्स्य (मूळ गाव वाई, सध्या बंगळूर)

सर, जीएमआरटीबद्दल आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, पण ती या कामासाठी बांधलेली नाही. ४५ मीटरच्या ३० तबकड्या साधारण २५ किमीच्या परिसरात आहेत आणि त्या सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत ऐकतात. पृथ्वीचं फिरणं मोजायला दोन अडचणी येतात. दुर्बिणींमधलं अंतर हजारो किमी पाहिजे, तेही पूर्व-पश्चिम लांब असेल तर यूटी१ चांगला मिळतो. आणि हे काम परंपरेने २ आणि ८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, जिथे आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम दोन लहरींची तुलना करून काढून टाकता येतो. तारेच्या जाळीच्या तबकड्या तिथे चालत नाहीत, घट्ट पत्र्याची आणि पटकन वळणारी लहान तबकडी लागते. अशा दुर्बिणींच्या जोड्या रोज तासाभराची निरीक्षणं फक्त यूटी१ साठी करतात. जर्मनीतलं वेट्झेल आणि हवाईमधलं कोकी ही त्यातली जुनी जोडी.

देशाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना अशा दोन लहान दुर्बिणी बसवल्या तरी जागतिक जाळ्यात आपला हातभार मोठा होईल. फक्त देशांतर्गत अंतरावर यूटी१ तितका नेमका मिळणार नाही हेही खरं, त्यासाठी दूरच्या देशाची जोड लागणारच. हे मोजमाप एकट्याने करण्यासारखं नाहीच. पण हात रिकामे ठेवून दुसऱ्याचा आकडा घेणं आणि आपलं माप घालून त्यात सहभागी असणं यात फरक आहे, इथे मी धागाकर्त्यांशी सहमत आहे.

नाविकबद्दलही लिहितो. मूळ रचना ७ उपग्रहांची: ३ भूस्थिर आणि ४ कललेल्या भूसमकालिक कक्षेत. पहिला १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ ला. हे उपग्रह भारतावरच राहतात, त्यामुळे आपल्या जमिनीवरच्या केंद्रांना ते सतत दिसतात. याचा फायदा असा, की जाता-येता चूक कटण्याची सोय कायम हाताशी असते, स्वायत्त होण्याची वेळ जीपीएससारखी येत नाही. तोटा असा, की सगळी केंद्रं एकाच प्रदेशात असल्यामुळे भूमिती कमकुवत पडते. नाविकच्या संदेशात पृथ्वीच्या फिरण्याचे आकडेही पाठवायची सोय आहे, ज्यांना ताऱ्यांच्या चौकटीत काम करायचंय त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः इतर उपग्रहांसाठी.

---

रोव्हरवाला (मिरज)

इपॉकचा रिपोर्ट मिळाला. जुन्या कामात इपॉक २०१० च्या आधीचा धरलेला होता. दोन्ही एका इपॉकवर आणले तर फरक तीन-चार सेंटिमीटर उरला. गावात कागद दाखवून समजावलं, लोक ऐकतात. कृष्णातीर दादा, आभारी आहे.

आणखी एक. यूटीसी आणि जीपीएस वेळ यांत १८ सेकंदांचा फरक असतो, तो यातलाच का?

---

कृष्णातीर (सांगली)

नात्यातला, पण तोच नव्हे. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० ला यूटीसीशी जुळवून सुरू केली आणि नंतर तिच्यात लीप सेकंद घातले नाहीत. तेव्हापासून यूटीसीत १८ घातले गेले, म्हणून १८ चा फरक. लीप सेकंद घालायचं कारण पृथ्वीचं मंद होणं, एवढंच नातं. २०३५ पर्यंत यूटीसी आणि यूटी१ मधली ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवायची असं नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेत ठरलंय. तसं झालं की लीप सेकंद दुर्मिळ होतील.

त्याचा परिणाम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर होईल. काही जण आजही यूटी१ आणि यूटीसी एकच धरून चालवतात, कारण अलीकडे दोन्हींतला फरक लहान राहिलाय. ०.९ सेकंद फरक असताना तसं केलं तर सांगलीत ४०० मीटर आणि जीपीएसच्या कक्षेत पावणेदोन किलोमीटर चूक पडते. पुढे मर्यादा उठली की फरक वाढतच जाणार. आत्तापासून तो आकडा बाहेरून वाचायची सवय प्रोग्रॅममध्ये घालून ठेवावी.

---

कराडकन्या

सर, आमच्या गाइड सरांना हा धागा दाखवला. ते म्हणाले प्रोजेक्टचा दुसरा भाग यावर करा. आम्ही जुन्या बुलेटिन ए मधले अंदाज घेऊन ते नंतरच्या पक्क्या आकड्यांशी ताडून बघणार आहोत, आणि चूक कराडवर किती मीटर पडली असती हे नकाशावर दाखवणार. कुठले महिने घ्यावेत? आणि काय सांभाळावं?

---

ध्रुवमत्स्य (मूळ गाव वाई, सध्या बंगळूर)

पक्क्या आकड्यांसाठी आयईआरएसची सी०४ मालिका घ्या, रोजचा एक आकडा मिळतो. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असे दोन संच वेगळे करा. एल निनोचं एक वर्ष आणि एक साधं वर्ष घेतलं तर वाऱ्याचा हात दिसेल. चूक १, १०, ३० आणि ६० दिवसांवर मोजा. सरासरी काढताना चिन्ह ठेवून एकदा आणि वर्ग करून एकदा, दोन्ही द्या. चिन्हासकट सरासरी शून्याच्या जवळ येईल आणि बघणाऱ्याला वाटेल अंदाज उत्तम आहे, म्हणून दोन्ही.

---

कृष्णातीर (सांगली)

यात एकच भर. बुलेटिनच्या अंदाजाशी तुलना करताना काही करायला नको, त्यात भरतीचा पंधरवड्याचा भाग आधीच धरलेला असतो. पण तुम्ही स्वतः मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढून बघणार असाल, तर आधी तो भाग सूत्राने वजा करा. १३.६६ दिवसांच्या त्या एका लयीनेच यूटी१ पाऊण मिलिसेकंदाच्या वर मागेपुढे होतो, म्हणजे कराडवर ३५ सेंटिमीटर. तो न काढता सरळ रेघ पुढे ओढली तर रेघेचा उतार तुम्ही पंधरवड्यात कुठे सुरुवात केली त्यावर ठरेल. अंदाज काढून झाला की तो भाग परत मिळवा आणि मगच सी०४ शी ताडा. नकाशा तयार झाला की इथे टाका, मी आणि रोव्हरवाले दोघंही बघतो.